फक्कीचं पोतं

गेल्या हिवाळ्यात दादा गेले. कोलकात्याच्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर फोटो छापला. तरुणपणी कॉलेजचे खेळाडू, मग तिथलेच कबड्डीचे प्रशिक्षक, मग आमदार, मग काही वर्षं राज्यमंत्री. बाकी मजकूर ज्यानं त्यानं आपापल्या परीनं लिहिला होता, पण एक हकिगत प्रत्येक पेपरात होती. सत्तरच्या आसपासच्या त्या पेटलेल्या दिवसांत पोलीस कॉलेजच्या मैदानात घुसले, भिंतीवर पुढाऱ्याचा चेहरा उमटवायचा पत्र्याचा साचा त्यांना सापडला, ‘हे कुणाचं?’ असं विचारल्यावर या तरुण मास्तरांनी बेधडक हात वर केला, आणि त्यात उजवा गुडघा कायमचा गमावला.

हात वर केला हे खरं. गुडघा गेला हेही खरं. साचा त्यांचा नव्हता. तो मी आणला होता.

हे माहीत असलेली माणसं दोन, त्यातलं एक गेलं, आता मी एकटा उरलो, अशा समजुतीनं मी हे लिहायला बसलो. ती समजूतही चुकीची होती. पण ते शेवटी सांगतो.

माझे वडील फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या हिशेबखात्यात मुलकी अधिकारी होते. बदलीची नोकरी. मी अकरावी पुण्यात करून कोलकात्याला आलो तेव्हा आई-बाबांना भवानीपूरच्या भाड्याच्या घरात वर्ष होऊन गेलं होतं, आणि तरी कॅलेंडर खिडकीच्या कडीला अडकवलेलं होतं. आईनं भिंतीला खिळा मारायचं काढलं की बाबा म्हणत, ‘‘कशाला? आपण का इथे कायमचे आहोत?’’ बाहेर ट्राम जळाली, कॉलेजात संप झाला, गल्लीत कुणाचा मुलगा घरी आला नाही, की जेवताना त्यांचं एक बोलणं ठरलेलं असे. ‘‘आपण बाहेरची माणसं. आपण बघायचं नाही, बोलायचं नाही. परीक्षा द्यायची आणि निघायचं.’’

कॉलेज सियालदह स्टेशनच्या मागच्या अंगाला होतं. दोन वर्षं मी तिथे पाहुण्यासारखा वावरलो. मुलं वाईट वागत नसत, पण वादाला तोंड फुटलं की माझ्याकडे बघून आवाज खाली यायचा. किल्ल्यातल्या साहेबाचा मुलगा! एका मैदानावरच मला जागा होती, आणि ती दादांमुळे.

दादा माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे असतील. बजबजच्या ज्यूट गिरणीत त्यांचे वडील कामाला होते, ते लवकर वारले. दादा ह्याच कॉलेजात शिकले, चारशे मीटर धावले, विद्यापीठाकडून कबड्डी खेळले. पदवी झाल्यावर कॉलेजनं त्यांना हंगामी प्रशिक्षक म्हणून ठेवून घेतलं. रोज पहाटेच्या लोकलनं सियालदहला उतरायचे, खांद्यावर पंचा आणि हातात केळ्यांचा घड. दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर त्यांना कायम करणार, असं प्राचार्यांनी तोंडी सांगितलं होतं. त्यांच्या घरात कायम नोकरी कुणालाच लागली नव्हती. ‘‘कायम झालो की पहिल्या पगारात आईला चष्मा,’’ असं ते आम्हांला इतक्या वेळा सांगत की त्यांच्या मागे आम्ही त्यांची नक्कल करायचो.

मी पुण्याला शाळेत हुतूतू खेळलो होतो, हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नामकरण केलं. मराठ्यांच्या स्वाऱ्या पूर्वी बंगालवर यायच्या, त्या स्वारांना इथे बर्गी म्हणत. आया अजून त्यांची भीती घालून पोरांना झोपवतात. दादा म्हणाले, ‘‘ये रे बर्गी! चढाई तुमच्या रक्तातच. आमचं धान्य नेलंत ते नेलंत, आता चार गुण तरी आणून दे.’’ सगळे हसले. मीही हसलो. बंगालमध्ये मला मिळालेलं ते पहिलं आपलं नाव.

त्यांचा एक नियम होता. तो नीट सांगितला नाही तर पुढचं काही कळणार नाही.

कबड्डीत चढाई करणाऱ्यानं एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहायचं असतं. दम तुटला की तो बाद. पण गलक्यात पंचाला ते नेहमी ऐकू जातंच असं नाही. एकदा दुसऱ्या कॉलेजबरोबरच्या सामन्यात मी दोघांना शिवून परत आलो. मधे, अगदी डोळा मिटून उघडावा एवढा वेळ, माझा दम गेला होता. पंचानं दोन गुण दिले. बाहेर येताच दादांनी विचारलं, ‘‘बर्गी, दम होता?’’

‘‘होता.’’

दुसऱ्या दिवशी सरावाला सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या छातीवर बोट टेकवलं. ‘‘पंच उभा तिकडे रेषेवर. छाती ही इथे. दम तुटल्याचं आधी कुणाला कळतं?’’

‘‘मला.’’

‘‘मग पंच सांगेपर्यंत थांबायचं कशाला? दम तुटला की हात वर. आपला आपण.’’

तेवढ्यात आमचा डावा कोपरा उत्साहानं म्हणाला, ‘‘दादा, मी पाहिलं होतं, त्याचा तुटला होता.’’ डाव्या कोपऱ्यात पकड करणारा हा मुलगा जादवपूरकडच्या निर्वासितांच्या वस्तीतला, किडकिडीत, पण पायाला मगरीसारखा लटकणारा. दादांनी त्यालाच मैदानाभोवती पळायला लावलं. ‘‘तू त्याच्या छातीत बसला होतास? दुसऱ्याच्या दमाबद्दल कुणी बोलायचं नाही. ज्याचा त्यानं.’’

असा तो नियम. आम्ही त्यासाठी हरलेले सामनेही आहेत. दुसऱ्या कॉलेजची मुलं आम्हांला ‘हातवाले’ म्हणून चिडवायची. पण हळूहळू तो अंगात मुरला. दम गेला की हात आपोआप वर जायचा आणि आजूबाजूचे सहाजण गप्प उभे राहायचे.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता शहर बिघडलं. सकाळी कॉलेजला येताना भिंतींवर काळ्या डांबरानं उमटवलेले ताजे चेहरे दिसायचे, संध्याकाळी पोलीस त्यावर चुना फासून जायचे. डाव्या कोपऱ्याचा मोठा भाऊ घरातून नाहीसा झाला होता. कोपरा त्याबद्दल बोलत नसे. दादा त्याला रोज एक केळं जास्त द्यायचे, तेवढंच.

त्या दिवशी सकाळी वर्गात माझ्या शेजारी बसणारा मुलगा मला फाटकाशी भेटला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चपटी वस्तू त्यानं माझ्या हातात दिली. ‘‘दुपारपर्यंत ठेव ना. माझी झडती होईल. तुला कोण हात लावतंय? तुझा बाप किल्ल्यात.’’

डांबराचा वास येत होता. कागदाच्या कडेला पत्रा हाताला लागत होता. ते काय आहे, हे मला कळलं नाही असं मी आजवर स्वतःलाही सांगत आलो. कळलं होतं. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या आधी मला बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला आतलं माणूस समजून काही दिलं होतं. मला त्याच्या राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मैदानाला लागून खेळाच्या सामानाची एक खोली होती. तिथे रेषा आखायच्या फक्कीचं पोतं असायचं. मैदान आखायचं नसेल तेव्हा त्यात कुणी हात घालत नसे. मी ती वस्तू फक्कीत खोल दाबली आणि हात चड्डीला पुसले.

सराव सुरू झाला. दादांनी मैदानावरून नजर फिरवली आणि म्हणाले, ‘‘उद्या सामना आहे, आणि या रेषा बघा. आजच आखून टाकू.’’ ते खोलीकडे निघाले. पोतं नेहमी तेच उचलायचे. आम्हांला देत नसत, फक्की डोळ्यांत जाते म्हणून. मी धावत त्यांना गाठलं. ‘‘दादा, मी आणतो.’’

‘‘अरे वा! बर्गी आज माणसात आला की!’’

पोतं मी बाहेर आणलं, आणि मैदानाच्या कडेला भिंतीला टेकवून ठेवलं. संधी मिळताच वस्तू काढून घ्यायची असा विचार होता. तेवढ्यात गल्लीतून आरडाओरडा आला. तीन-चार मुलं भिंतीवरून उड्या टाकून आमच्या मैदानातून पलीकडे पळाली. मागोमाग पोलिसांची जीप फाटकातून आत शिरली. पळणारे मिळाले नाहीत. आम्ही मिळालो.

आम्हांला मध्यरेषेवर रांगेनं उभं केलं. पिशव्या उलट्या केल्या. चपला, टॉवेल, कुणाचं इतिहासाचं पुस्तक. एका शिपायानं पोत्याला लाथ मारली. फक्कीचा ढीग घसरला आणि त्यातून कागद फाटलेला पत्रा अर्धा बाहेर आला. इन्स्पेक्टरनं तो उचलला, उजेडाकडे धरला. पत्र्यात कापलेला चेहरा, आणि त्या चेहऱ्यातून पलीकडचं आकाश.

‘‘एटा कार?’’ त्यानं विचारलं. हे कुणाचं?

कुणी बोललं नाही. त्याला वाटलं असणार, मुलं घाबरली आहेत किंवा आपल्या माणसाला लपवताहेत. तसं नव्हतं. आम्ही फक्त थांबलो होतो. ज्याचं त्यानं. दुसऱ्याच्या वतीनं कुणी बोलायचं नाही, हे आमच्या इतकं हाडीमासी खिळलं होतं की रांगेतला प्रत्येकजण समोर बघत होता आणि कुणाचातरी हात वर जायची वाट पाहत होता.

माझा दम तुटला होता. मला तो तुटलेला ऐकू येत होता. उजवा हात मांडीला चिकटलेला, बोटांच्या पेरांत फक्की. मनात बाबा. किल्ल्यातल्या नोकरीत घरच्या माणसांचीही चौकशी होते, हे ते कायम सांगत. ट्रंका. आईचं तोंड. मी स्वतःशी म्हटलं, आणखी एकदा विचारलं की सांगतो.

इन्स्पेक्टरनं आणखी एकदा विचारलं.

दादांनी रांगेवरून नजर फिरवली. एकेक चेहरा. माझ्यावरून नजर पुढे गेली आणि डाव्या कोपऱ्याशी थांबली. तो पांढराफटक पडला होता. ओठ हलत होते. दादा त्याच्याकडे क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी हात वर केला.

‘‘पोतं माझ्या ताब्यात असतं,’’ ते म्हणाले. ‘‘माझंच आहे.’’

‘‘मास्तर? पोरांना हे शिकवतोस?’’

पहिला तडाखा तिथेच बसला, मध्यरेषेवर, गुडघ्याच्या वाटीवर. तो आवाज मी पुढे बऱ्याच ठिकाणी ऐकला. सुतार काम करत असला की, खाटकाच्या दुकानासमोरून जाताना. दादा पडले नाहीत, बसले. त्यांना उचलून जीपमध्ये घातलं, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. जीप गेल्यावरही आमची रांग मोडेना. शेवटी कुणीतरी सांडलेली फक्की हातांनी पोत्यात भरायला लागलं. डावा कोपरा होता तो. आणि बाकी सगळे, मान न वळवता, त्याच्याकडे बघत होते. त्याचा भाऊ. त्याचा पांढरा पडलेला चेहरा. दादांची नजर. सगळ्यांनी मनात निकाल देऊन टाकला होता. नियमाप्रमाणे त्याला कुणी एका शब्दानं काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही.

संध्याकाळी बाबा घरी आले ते बूट न काढताच खुर्चीवर बसले. ‘‘तुमच्या त्या मास्तरला धरलं म्हणे. तुझा काही संबंध नाही ना?’’

‘‘नाही.’’

‘‘मी म्हणत होतो की नाही?’’ ते आईला म्हणाले, आणि मग बूट काढले.

साचा देणारा मुलगा पुन्हा वर्गात आला नाही. त्याचं काय झालं मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

दादांना आधी चौकीत, मग तुरुंगात ठेवलं. पूजेची सुट्टी संपली, त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. मी एका रविवारी सियालदहहून बजबजची लोकल पकडली. तेलाच्या टाक्यांच्या मागे गिरणीच्या चाळी होत्या, तिथे विचारत विचारत घर सापडलं. कशाला गेलो होतो? सांगायला. वाटेत मी वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

त्यांच्या आईनं मला अगदी जवळ बोलावलं. हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, तेव्हा मला चष्म्याची आठवण झाली. ‘‘तू त्याच्या खेळातला ना रे? कॉलेजातून कुणी आलं नाही बाबा. तू पहिला.’’ तिनं मुरमुरे आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. मी खायला लागेपर्यंत ती बोलत नव्हती. मग म्हणाली, ‘‘मी भेटून आले. पाय सुजून खांबासारखा झालाय. मी म्हटलं, ते तुझं नव्हतं, मला ठाऊक आहे, तुला भिंतीवर रेघ ओढता येत नाही. कुणाचं होतं? तर हसतो नुसता. तुला माहीत आहे का रे?’’

जुळवलेलं वाक्य घशाशी होतं. तोंडात मुरमुरे होते.

‘‘नाही माहीत,’’ मी म्हटलं.

ती म्हणाली, ‘‘देव त्याला सुखी ठेवो, जो कोण असेल तो. कुणाचं तरी लेकरू वाचलं.’’

परतीच्या लोकलमध्ये मी दारात उभा राहिलो. सगळा रस्ता.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांची पुण्याला बदली झाली. ती त्यांनी मागून घेतली होती. कॅलेंडर कडीवरून काढलं, ट्रंका भरल्या. पुण्यात मी बँकेची परीक्षा दिली, लागलो. कोलकात्याच्या शाखेत कुणी जायला तयार नसे. मी अर्ज केला. आईला वाटलं, तिथलं खाणं आवडलंय.

मी परत आलो तेव्हा दादा सुटून बराच काळ झाला होता. तुरुंगात त्यांना राजकारणातली माणसं भेटली होती. बाहेर आल्यावर कॉलेज दारात उभं करेना, तसे ते बजबजच्या गिरणी कामगारांत काम करू लागले होते. गिरणीच्या मागच्या मोकळ्या जागेत पोरांना कबड्डी शिकवायचे, स्टुलावर बसून, काठीनं रेषा दाखवत. आणीबाणी उठली, निवडणुका झाल्या आणि दादा आमदार झाले. ज्या कॉलेजनं त्यांची जागा दुसऱ्याला दिली होती, त्यानंच त्यांचा सत्कार ठेवला. जुना संघ विरुद्ध आताचे विद्यार्थी असा गमतीचा सामनाही ठेवला. मला बोलावणं आलं.

दादा मध्यरेषेच्या टोकाला खुर्ची टाकून पंच म्हणून बसले होते. गळ्यात रजनीगंधाच्या माळा, पुढ्यात माइक. मला बघून ओरडले, ‘‘अरे बर्गी! बँकेत बसून पोट सुटलं की रे!’’ डावा कोपराही आला होता. तो तसाच किडकिडीत होता. मला भेटून मनापासून हसला.

मी चढाईला गेलो. वजन वाढलेलं, सवय नाही. पलीकडच्या रेषेपाशी माझा दम गेला. गलका इतका होता की माझा मलाच आवाज येत नव्हता. पण हात वर गेला. मी केला नाही, तो गेला.

माइकवरून दादांचा आवाज मैदानभर घुमला. ‘‘बघा! माझा बर्गी अजून खरं बोलतो!’’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तसाच मैदानाबाहेर आलो.

भाषणाआधी दादा गुडघ्याची पट्टी बदलायला सामानाच्या खोलीत गेले. मी मागोमाग आत शिरलो आणि दार लोटलं. ते बाकावर बसून पट्टी सोडत होते. गुडघ्याची वाटी एका बाजूला सरकलेली होती.

‘‘दादा, तो साचा माझा होता.’’

‘‘कुठला साचा?’’

‘‘पोत्यातला.’’

पट्टी सोडणारा हात थांबला. बाहेर कुणीतरी माइकवर ‘हॅलो, हॅलो’ करत होतं.

‘‘तुझा?’’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा मी त्यांना पहिल्यांदाच दिसत होतो. ‘‘मला वाटलं डाव्या कोपऱ्याचा. त्याचा भाऊ त्याच चळवळीत गेलेला. त्याला नेलं असतं तर तो परत आला नसता. म्हणून मी...’’ ते थांबले. मग सामन्यानंतर चुकलेली पकड समजावून सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, ‘‘तुला संध्याकाळी सोडलं असतं रे. तुझ्या बाबांनी किल्ल्यातून एक फोन केला असता. वर चहा पाजला असता तुला.’’

हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला मारलं ते भित्रा म्हणून. पण माझी भीतीसुद्धा खोटी होती. तिच्यासाठी त्यांचा गुडघा गेला होता.

‘‘मी सांगतो, दादा. आत्ता. माइकवर सांगतो.’’ आणि त्या खोलीत, दोघंच असताना, शाळकरी पोरासारखा माझा हात वर गेला.

ते काठीवर जोर देऊन उठले. जवळ आले. माझं मनगट धरलं आणि हात सावकाश खाली आणला.

‘‘हात खाली घे.’’

‘‘दादा, तुम्हीच तर...’’

‘‘बाहेर माणसं बघितलीस? ती कुणाला बघायला आलीत? दुसऱ्याच्या पापात सापडलेल्या मास्तरला? त्याला कुणी तिकीट देत नाही, बर्गी. मी पंधरा वेळा सांगितलं होतं आत, बरोबरच्या कैद्यांना, माझं नाही म्हणून. कुणी ऐकलं? मग एक दिवस म्हटलं, माझंच. त्या दिवसापासून माणसं मला जागा द्यायला लागली.’’ त्यांनी मनगट सोडलं नव्हतं. ‘‘गुडघा माझा गेलाय ना? मग गोष्टही माझी.’’

‘‘आणि डावा कोपरा? सगळे अजून समजतात की...’’

‘‘त्याला कुणी काही म्हणालंय?’’

‘‘म्हणत नाही कुणी.’’

‘‘झालं तर,’’ ते म्हणाले, आणि माळा नीट केल्या.

बाहेर त्यांनी ती गोष्ट सांगितली. मी पेपरात वाचली ती, तीच. शेवटी डावा कोपरा व्यासपीठावर चढून त्यांच्या पाया पडला. दादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या आमच्याच संघातल्या दोघांनी एकमेकांना कोपरखळी मारली. मी बघितलं. दोन्ही हात खिशात होते.

त्यानंतर दादांशी एकट्यानं बोलायची वेळ मी येऊ दिली नाही. त्यांनीही नाही. ते मोठे होत गेले, गिरणीतल्या माणसांसाठी त्यांनी पुष्कळ केलं, त्यात खोट नाही. मी कोलकात्यातच राहिलो, खिळे ठोकून, भिंतींना फोटो लावून. बायकोनं अनेकदा विचारलं, पुण्याला बदली का घेत नाही. मी हसायचो नुसता.

दादा गेल्यावर मला वाटलं, आता गोष्ट मोकळी झाली. वरचा मजकूर मी लिहिला, आणि तो छापायच्या आधी ज्याला ऐकवायला हवा त्याच्याकडे घेऊन गेलो.

डाव्या कोपऱ्याचा जादवपूरच्या त्याच वस्तीत होमिओपॅथीचा दवाखाना आहे. वस्तीत आता पक्की घरं झाली आहेत. त्याच्या खुर्चीमागे दादांचा फोटो, ताज्या माळेसकट. दुपारची वेळ होती, रोगी नव्हते. त्याला मराठी येत नाही. मी एकेक वाक्य बंगालीत करत सांगत गेलो. बजबजपर्यंत येऊन थांबलो.

तो औषधाच्या बाटल्यांची बुचं घट्ट करत होता. म्हणाला, ‘‘मला ठाऊक होतं.’’

‘‘काय?’’

‘‘पोतं नेहमी दादा उचलायचे. त्या दिवशी तू धावत गेलास. तू कधी कुठल्या कामाला धावत गेला नव्हतास, भाई.’’ तो थोडं हसला.

‘‘मग बोलला का नाहीस? सगळे तुझं समजत होते. आजही समजतात.’’

‘‘दम तुझा. मी कसा बोलणार?’’

तोच पुढे म्हणाला, ‘‘वाईट वाटायचं. नाही असं नाही. पण दादांनी ते माझ्यासाठी केलं होतं ना? चुकून का होईना, माझ्यासाठी. त्यांना बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलंच नाही. त्यांना माझंच वाटत राहिलं, आणि तरी त्यांनी माझ्यावर माया केली. त्याच्यावर मी राहिलो.’’

इथे मला थांबता आलं असतं. कागद घडी करून खिशात ठेवता आले असते. पण आता हात खाली ठेवायचा नाही, असं ठरवून मी आलो होतो. मी पुढचं वाचलं. सामानाची खोली, पट्टी, मनगट, सगळं.

त्यानं मधे एकदाच अडवलं. ‘‘सत्काराच्या दिवशी? मी पाया पडलो त्याच्या आधी की नंतर?’’

‘‘आधी.’’

तो उठला. फोटोकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला. ‘‘डोक्यावर हात ठेवून ते काय म्हणाले होते, तुला ऐकू आलं नसेल,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणाले, ‘भिऊ नकोस, मी कुणाला सांगणार नाही.’ माइक बाजूलाच होता. पहिल्या दोन रांगांनी ऐकलं.’’

दाराशी एक बाई मुलाला घेऊन आल्या. त्यानं त्यांना आत बोलावलं, मुलाला खुर्चीवर बसवलं, जीभ बघितली, झोप लागते का विचारलं. आवाज नेहमीसारखाच होता. मी कागद गोळा करून उठायला लागलो.

‘‘बस,’’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला. ‘‘जाऊ नकोस. तुझं सांगून झालं. माझं अजून व्हायचंय.’’